खच्चरावरून गाडीवर

बैलांच्या मागे चालण्यातून सुटका व्हावी म्हणून मी फौजेत गेलो, आणि फौजेनं माझ्या हातात खेचराचा दोर दिला. दोष द्यावा असं कुणी नाही. भरती झाल्यावर कामं वाटायला बसलेल्या साहेबानं विचारलं होतं, जनावर हाताळता येतं का. परभणी जिल्ह्यात पालमजवळच्या आमच्या गावात वडील दुसऱ्याच्या शेतावर सालगडी होते, त्यामुळे मालकाचे बैल माझ्या अंगाखांद्यावरच वाढले म्हणा ना. मी छाती काढून सांगितलं, लहानपणापासून येतं सर. साहेबानं कागदावर काहीतरी खरडलं आणि पुढच्याला बोलावलं. वडिलांना कळलं तेव्हा ते म्हणाले, आपल्या नशिबातलं जनावर सुटत नाही, पण पगार तरी सरकारी आहे.

फौजेत खेचराला खच्चर म्हणतात. जिथं रस्ता संपतो तिथून वर चौकीपर्यंत पीठ, रॉकेल, पाण्याचे कॅन, काडतुसांच्या पेट्या, सगळं त्यांच्या पाठीवरून जातं. माझ्याकडे तीन होती. पहाटे उठून खरारा करायचा, खूर साफ करायचे, नाल तपासायची, चणे आणि जव खाऊ घालायचे, मग खोगीर चढवायचं. आपला चहा त्यानंतर. खच्चर हे लबाड जनावर. खोगिराचा पट्टा, म्हणजे तंग, आवळताना पोट फुगवून धरतं आणि आपली पाठ वळली की श्वास सोडतं, म्हणजे खोगीर ढिलं. म्हणून थोडं चालवून पुन्हा तंग आवळायचा.

आणि एक गोष्ट पहिल्या वर्षीच अंगात भिनवली जायची. चढाला दोर हातात घट्ट असला तरी चालतो, पण उताराला तो ढिला सोडायचा. निसरड्या पायवाटेवर खच्चर मान खाली घालून स्वतःची वाट स्वतः बघतं. नवा माणूस घाबरून दोर ओढतो, खच्चराचा तोल जातो, आणि मग दोघांना शोधायला खाली दरीत माणसं पाठवावी लागतात. मी बर्फातून, चिखलातून, धुक्यातून उतरलो. उतार आला की माझी बोटं आपोआप उघडायची. त्या बोटांना माझी परवानगी लागत नसे.

तिकडे वर बायकामुलांना नेता येत नाही. बायको पालममध्ये दोन खोल्या भाड्यानं घेऊन मुलीसोबत राहायची. मुलीची शाळा तिथं होती, आणि बायको ब्लाउज शिवायची. मी रजेवर आलो की मुलगी आधी बिचकायची, मग हळूहळू जवळ यायची, आणि पुरती चिकटली की माझी बॅग भरायची वेळ व्हायची. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी माझा संसार असा हप्त्याहप्त्यानं चालला होता. विहारात पौर्णिमेला सगळी मंडळी जमली की बायका तिला विचारायच्या, कधी येयलेत? ती म्हणायची, येतील. एवढ्यावर तिची बरीच वर्षं गेली.

मग वर रस्ता झाला. आधी डोंगर पोखरणारी यंत्रं आली, मागून डांबर आलं, आणि ज्या चौकीला आम्ही दिवसभर चढत जायचो तिथं ट्रक थेट जाऊन उभा राहू लागला. सुभेदार साहेबांनी एका सकाळी आम्हाला गोळा करून सांगितलं की कंपनी कमी होणार, खच्चरं दुसरीकडे जाणार आणि माणसांनी ट्रेड, म्हणजे कामाचा प्रकार, बदलायचा. वयाच्या अटीत बसणाऱ्यांना दोन वाटा होत्या. एक तर मोटारगाडी चालवायला शिका, नाही तर लंगरमध्ये म्हणजे स्वयंपाकाला जा. गाडीची परीक्षा दोनदा देता येईल. दोन्हीदा नापास झाला तो लंगरमध्ये, आणि लंगरवाला साहेब पाठवतील तिथं जाणार, म्हणजे पुन्हा डोंगरावरच.

मला खरं सांगायचं तर काहीच शिकायचं नव्हतं. पस्तिशी ओलांडली होती, गुडघे उतरताना वाजायचे आणि चढताना दुखायचे. थकलेल्या माणसाला दोन वाटा दाखवल्या की आनंद होत नाही, चीड येते. मला कुणीतरी म्हणायला हवं होतं, की बस, तू पुष्कळ चाललास, आता इथं बैस. ते कुणी म्हणालं नाही. संध्याकाळी बायकोला फोन लावला आणि सगळा राग तिच्या कानात ओतला. ती ऐकत राहिली. माझं संपल्यावर तिनं एकच गोष्ट विचारली.

"गाडीवाल्याला क्वार्टर भेटतंय का?"

मी म्हणालो, मिळतं. गाडीवाल्यांची पोस्टिंग खाली सपाटीवर पुष्कळदा होते, तिथं फॅमिली क्वार्टर असतात.

"मग गाडीच घ्या," ती म्हणाली. "लंगर नका घेऊ. मला आता लय झालंय एकटीला."

इतक्या वर्षांत ती असं कधी बोलली नव्हती. मी फोन ठेवला आणि तबेल्यात जाऊन उगाच एका खच्चराचा खूर उचलून बघितला. त्यात काही नव्हतं. त्या रात्रीपासून माझ्यापुरती गोष्ट ठरली. परीक्षा पास झालो तर आम्ही तिघं एका छपराखाली, नाही तर पेन्शनपर्यंत हेच चालू.

खच्चरं दुसऱ्या कंपनीच्या स्वाधीन करायची होती. मला वाटलं होतं मला फार वाईट वाटेल. तिकडचा माणूस आला, त्यानं तिन्ही दोर हातात घेतले, टाळीसारखा एक आवाज केला, आणि तिन्ही खच्चरं त्याच्यामागे निघाली. एकानंही मागं वळून बघितलं नाही. मला इतका राग आला की जेवलो नाही. ज्यांच्या पायाला मी आईच्या पायाला लावलं नसेल एवढं तेल लावलं, त्यांना माझ्याशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांना फक्त दोर ओळखीचा होता.

कोर्सला जायच्या आधी रजा मिळाली. सुभेदार साहेबांनी बजावलं होतं की घरी जाऊन निदान स्टिअरिंग धरायला शिकून या, तिकडे विशीतली पोरं असतील, त्यांच्यासमोर फजिती नको. बायकोचा भाऊ पालमहून राणीसावरगावकडे काळीपिवळी जीप चालवतो. माझ्याहून बराच लहान, पण रस्त्यावर त्याचा रुबाब असा की एसटीचे ड्रायव्हरही त्याला हात दाखवतात. परभणीला जाऊन शिकाऊ लायसन काढून आणलं आणि तो मला सकाळच्या पहिल्या फेरीच्या आधी घेऊन जाऊ लागला.

सरळ रस्त्यावर मी वाईट नव्हतो. क्लच, गिअर, आरसा, हे सगळं डोक्यात बसलं. अडचण एवढीच की गाडी सुरू करायच्या आधी मी खाली उतरून तिच्याभोवती एक फेरी मारायचो, चारही चाकांना हात लावायचो, आणि थोडं अंतर गेल्यावर थांबवून पुन्हा बघायचो. मेहुण्यानं दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, दाजी, काय बघायलाव? मी म्हणालो, तंग. तो हसून हसून बोनेटवर आडवा झाला. दुपारपर्यंत स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात ही बातमी पोचली होती, आणि एका म्हाताऱ्यानं मला गंभीर चेहऱ्यानं विचारलं की फौजी, जीपला नाल कधी ठोकणार.

हे हसण्यावारी गेलं. खरी गोम उताराची निघाली. राणीसावरगावच्या बाजूला डोंगराची सोंड आडवी येते आणि रस्ता वळत वळत खाली उतरतो. पहिल्यांदा तिथं आलो तेव्हा मी ऐटीत होतो. उतार सुरू झाला, आणि माझा डावा पाय क्लचवर पूर्ण खाली गेला, हातांची पकड सुटली, नुसते तळवे स्टिअरिंगवर टेकलेले. तोंडातून आपोआप हो हो असा आवाज निघाला. जीप मोकळी सुटली. मला मात्र भीती वाटली नाही, हेच खरं भयंकर होतं. मला अगदी निवांत वाटत होतं. समोरून एसटी आली. मेहुण्यानं एका हातानं स्टिअरिंग फिरवलं आणि दुसऱ्यानं हँडब्रेक ओढला, आणि आम्ही कडेच्या बाभळीला घासून थांबलो.

तो खाली उतरून घासलेला पत्रा बघून आला. मग म्हणाला, "दाजी, ही गाडी हाय. हिला डोळे न्हाईत. तुमी सोडली की ही कुठंबी जाती."

मला ते समजलं. समजायला काय लागतं? पण दुसऱ्या दिवशी त्याच उतारावर पुन्हा पाय खाली गेला आणि बोटं उघडली. तिसऱ्या दिवशीही. डोक्याला कळलेलं हातापायांना कुणी सांगायचं? मेहुण्यानं माझ्या पायाला फडकं बांधून बघितलं, शिव्या देऊन बघितल्या, गप्प बसून बघितलं. घरी आल्यावर बायको विचारायची, जमलं का. मी म्हणायचो, जमतंय. ती भावाच्या तोंडाकडे बघायची आणि ताट वाढायची.

कोर्समध्ये व्हायचं तेच झालं. वर्गात, मैदानात, इंजिन उघडून दाखवायच्या तासाला मी सगळ्यांच्या बरोबरीनं होतो. आजूबाजूची पोरं मला चाचा म्हणायची आणि माझ्या भांड्यात आपल्या वाटणीचं दूध ओतायची, त्याचाही मला राग यायचा. परीक्षेत भरलेला ट्रक घेऊन घाटातून खाली यायचं होतं. पाय क्लचवर गेला. शेजारी बसलेल्या उस्तादाकडे, म्हणजे शिकवणाऱ्याकडे, त्याच्या बाजूनं दाबायचा ब्रेक होता म्हणून आम्ही दोघं जिवंत आहोत. तो वयानं माझ्याएवढाच, भला माणूस. खाली उतरल्यावर त्यानं मला पाणी दिलं आणि म्हणाला की माझ्याकडे आलेल्या प्रत्येक खच्चरवाल्याचं इथंच अडतं, काहींचं सुटतं, काहींचं सुटत नाही. मग त्यानं नापास लिहिलं.

बायकोला फोन केला तेव्हा तिच्यामागे शिलाई मशीन चालू होती. मी सांगितलं. मशीन थांबली. ती म्हणाली, बरं. ती रडली असती किंवा चिडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. मी बराकीत येऊन आडवा झालो आणि लंगरवाल्यांचं काय वाईट चाललंय, दोन वेळचं गरम खातात, असं स्वतःला समजावत राहिलो. सगळ्यात जास्त थकवा मला चढांनी दिला नाही, या समजावण्यानं दिला.

दुसऱ्या परीक्षेच्या आधी थोडी रजा मिळाली. मी घरी आलो तो मनात ठरवूनच, की जीपकडे बघायचंसुद्धा नाही. मेहुणा सकाळी दारात येऊन हॉर्न वाजवू लागला तेव्हा मी पांघरूण डोक्यावर ओढलं. बायकोनं ते ओढून काढलं. ती साडी नेसून तयार होती, मुलीची वेणी घातलेली होती. ती म्हणाली, आमीबी येयलाव. मी म्हणालो, तुमचं काय काम आहे तिथं? ती मुलीला घेऊन जीपच्या मागच्या बाकावर जाऊन बसली.

मी मेहुण्याला म्हणालो, आज तू चालव. त्यानं बहिणीकडे बघितलं आणि तो शेजारच्या सीटवर जाऊन बसला. गाव मागं पडलं, कापसाची रानं गेली, डोंगराची सोंड दिसू लागली. उतारावर आलो आणि गाडीनं तोंड खाली केलं. डावा पाय हलला. मला तो हलताना कळला, हे पहिल्यांदाच घडत होतं. तेवढ्यात मागून तिचा आवाज आला, शांत, भाजीवाल्याशी बोलावं तसा.

"अहो, आमी हावत मागं. आमाला सोडू नका."

खच्चराच्या पाठीवर पिठाची पोती असायची. ती पडली तर पडली, आणि वाट बघायला खच्चर होतंच. उतार त्याचा असायचा, मी नुसता सोबतीला. इथं माझ्याशिवाय बघणारं कुणी नव्हतं. मी डावा पाय उचलला, उजवा ब्रेकवर ठेवला आणि स्टिअरिंग इतकं आवळून धरलं की बोटं पांढरी पडली. दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुरत, एखाद्या म्हातारीच्या चालीनं आम्ही खाली आलो. मागून मोटारसायकलवाले शिव्या देत पुढे गेले. मुलगी मध्येच म्हणाली की चालत गेलो असतो तर आधी पोचलो असतो. कुणी हसलं नाही.

पुढचे सगळे दिवस त्या दोघी मागे बसत होत्या. शाळा बुडली, शिवायला आलेले ब्लाउज पडून राहिले, बायका दारात येऊन परत गेल्या. बायकोनं पुन्हा ते वाक्य म्हटलं नाही, फक्त बसून राहायची. दिवसातून दोनदा तोच उतार. तिला गाडी लागते, हे मला त्या दिवसांत कळलं. पदराच्या टोकात लिंबू बांधून ती ते हुंगत बसायची.

मी पास झालो. उस्तादानं पाठीवर थाप मारली, पोरांनी चाचाला उचलून घेतलं. आनंद व्हायला हवा होता. मला फक्त झोपावंसं वाटलं. बायकोला फोनवर सांगितलं तेव्हा ती पुन्हा बरं म्हणाली, पण या वेळी नाक ओढल्याचा आवाज आला. मग काही महिन्यांनी क्वार्टर मिळालं, सपाटीवरच्या एका छावणीत. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे कपडे वाळत घालायला तार. पालमच्या खोल्या तिनं एकटीनंच रिकाम्या केल्या. मशीन भावाच्या जीपवर बांधली, ज्वारीचं पोतं घेतलं, आणि शेजारणींना गहिवरू न देता परभणीच्या स्टेशनावर येऊन मुलीसह रेल्वेत बसली.

मी त्यांना उतरवून घेतलं आणि क्वार्टरवर सोडून ड्यूटीवर गेलो. संध्याकाळी परत आलो तेव्हा घर लावून झालं होतं. मुलीचं दप्तर खिळ्याला, मशीन खिडकीपाशी. ज्वारीच्या भाकरीचा वास बाहेरपर्यंत येत होता. मी हातपाय धुऊन आत गेलो. दोघी जेवायला बसल्या होत्या. दोन ताटं होती, टोपल्यात भाकरी दोघींपुरत्या आणि पातेल्यात वरण दोघींपुरतं. बायकोनं माझ्याकडे मान वर करून बघितलं, मग ताटाकडे, मग टोपल्याकडे. तिचा हात घासासकट तसाच थांबला.

तिनं मला वगळलं नव्हतं. हातांनी इतकी वर्षं जेवढं पीठ मळलं तेवढंच त्यांनी आजही मळलं होतं. मला सगळं समजत होतं, माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला समजणार? पण इथवर यायला आम्ही दोघं झिजलो, आणि त्या घरात मी पाहुण्यासारखा चौकटीत उभा होतो.

मी म्हणालो, जेवा तुम्ही, मला भूक नाही, आणि पुढच्या पायरीवर जाऊन बसलो. आतून परातीचा आवाज आला. ती उष्ट्या हातानं उठून हात धुऊन पुन्हा पीठ मळत होती. थोड्या वेळानं ती दारात येऊन उभी राहिली, कोपरापर्यंत पीठ लागलेलं, डोळे लाल.

"बाहेर कामून बसलाव?" ती म्हणाली. "घर तुमचंच हाय. मला सवय न्हाई हो अजून."

मी उठून आत गेलो. मुलीनं आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडून ठेवली होती, आणि ती मला कुठं वाढायची ते तिला कळत नव्हतं, कारण मी कुठं बसतो हे तिला माहीत नव्हतं.